फिल्मवरील चित्र कागदावर : स्कॅनरची विभेदनक्षमता कशी ठरवावी

घरातील वयोवृद्ध माणूस गेले, की भिंतीवर लावण्यासाठी त्याच्या छायाचित्राचा शोध सुरू होतो, आणि पुष्कळ घरांत असे आढळून येते की, त्याचे एकट्याचे चांगले छायाचित्र कधी काढलेच गेले नव्हते. मग कपाटाच्या तळाशी असलेला पत्र्याचा डबा उघडला जातो. त्यात स्टुडिओवाल्याने दिलेल्या पातळ कागदी पाकिटांतून निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्यांपैकी एका पट्टीवर कोणाच्या तरी लग्नातील पाचसहा जणांचे समूहचित्र सापडते, आणि त्यात आजी उभी असते. फिल्म ३५ मिलिमीटरची. म्हणजे चित्राची चौकट ३६ मिमी. लांब व २४ मिमी. रुंद. आजीचा चेहरा व खांदे यांनी त्यातील ८ मिमी. रुंद व १० मिमी. उंच एवढीच जागा व्यापलेली असते. नखाएवढ्या या तुकड्यापासून ८ × १० इंचांचे चित्र हवे असते.

निगेटिव्ह घेऊन गेल्यावर स्कॅन करणारा विचारतो, "किती डीपीआय ठेवू?" त्याच्या यंत्रावर १,२००, २,४००, ४,०००, ९,६०० असे आकडे असतात. बहुतेक माणसे "सर्वांत मोठा ठेवा" असे सांगून मोकळी होतात. हे उत्तर प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. परंतु ते विचार न करता दिलेले असते. त्यामुळे कधी वेळ व साठवणीची जागा व्यर्थ जाते. कधी त्याहून वाईट घडते : मोठ्या आकड्यावर विसंबून हलक्या यंत्रावर काम उरकले जाते, आणि आता सर्व काही संगणकात उतरले अशा समजुतीने मूळ निगेटिव्ह टाकून दिली जाते. हा आकडा म्हणजे काय, तो कशावरून ठरवावा, आणि आजीच्या त्या लहानशा चित्राचे नेमके काय होऊ शकेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्राचे बिंदूंत रूपांतर

फिल्म स्कॅनरचे कार्य समजण्यास सोपे आहे. निगेटिव्हच्या एका बाजूने प्रकाश सोडतात. तो तिच्यामधून पार झाला, की एक भिंग त्याची प्रतिमा प्रकाशसंवेदी घटकांच्या एका लांब, अरुंद ओळीवर पाडते. प्रत्येक घटक आपल्यावर किती प्रकाश पडला हे मोजतो आणि संगणकाला एक संख्या देतो. एक ओळ मोजून झाली, की लहानशी मोटर फिल्म किंवा ती ओळ किंचित पुढे सरकविते आणि पुढची ओळ मोजली जाते. नांगराने एका तासाला लागून दुसरे तास घालीत सबंध शेत नांगरून काढावे, त्याप्रमाणे यंत्र सबंध चित्र वाचून काढते. रंगीत फिल्मच्या बाबतीत लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी वेगवेगळे मापन होते. या प्रत्येक मोजलेल्या ठिकाणाला आपण चित्रबिंदू म्हणू.

सीसीडी या नावाने ओळखली जाणारी ही संवेदी रचना विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढली. त्या शोधाबद्दल २००९ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पण चित्र बिंदूबिंदूंनी वाचण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे ५ सेंमी. लांबीरुंदीचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्यात १७६ ओळी व प्रत्येक ओळीत १७६ बिंदू, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू होते. दर इंचाचा हिशेब केला तर हे सुमारे ८९ बिंदू होतात. तेवढ्यांतही बाळाचा चेहरा ओळखू येतो. मात्र त्याच्या पापण्यांचे केस त्या चित्रात शोधू गेल्यास सापडणार नाहीत. दोन बिंदूंच्या मध्ये जे राहून गेले ते कायमचे राहून गेले.

एका इंचात यंत्र किती चित्रबिंदू मोजते, त्या संख्येला स्कॅनरची विभेदनक्षमता म्हणतात. ही संख्या एका दिशेतील आहे, हे विसरून चालणार नाही. ती दुप्पट केली, की लांबीत दुप्पट व रुंदीत दुप्पट, म्हणून एकूण चौपट बिंदू होतात. ३५ मिमी. ची एक चौकट दर इंचास १,२७० बिंदूंनी वाचली तर १,८०० × १,२०० म्हणजे सुमारे २१ लाख ६० हजार बिंदू मिळतात. तीच ४,००० ने वाचली तर ५,६६९ × ३,७८० म्हणजे सुमारे २ कोटी १४ लाख. पहिल्या चित्राला साधारण साडेसहा मेगाबाइट जागा पुरते, दुसऱ्याला ६४. आणि छटांचे मापन अधिक बारकाईने केले तर १२८. छत्तीस चित्रांच्या एका रोलचा हिशेब वाचकाने स्वतःच करून पाहावा.

कागदावर किती बिंदू हवेत

विभेदनक्षमता ठरविताना सुरुवात यंत्रापासून न करता शेवटच्या टोकापासून, म्हणजे कागद पाहणाऱ्या डोळ्यापासून करणे सोयीचे होते. एका अंशाचे साठ भाग केले असता एका भागाला एक मिनिट कोन म्हणतात. निरोगी डोळ्याला एकमेकांपासून साधारण एवढ्या कोनावर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात; याहून जवळ असले, तर ते मिसळून एकच दिसतात. पुस्तक वाचतो त्या अंतरावर, म्हणजे २५ सेंमी. वर, एक मिनिट कोनात ०.०७ मिमी. च्या थोडे अधिक अंतर मावते. एका इंचात असे सुमारे ३५० भाग होतात. म्हणूनच हातात घेऊन पाहावयाच्या छायाचित्रात दर इंचास ३०० चित्रबिंदू असावेत, असा प्रघात पडला आहे. तो कोणाच्या मर्जीने ठरलेला आकडा नसून आपल्या डोळ्याच्या घडणीतून निघालेला आहे. अंतर वाढले, की गरज त्याच प्रमाणात कमी होते. एक मीटरवरून पाहावयाच्या भिंतीवरील चित्राला दर इंचास नव्वदाच्या आसपास बिंदूही पुरतात. १५० असले तर उत्तमच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शाईने छापणाऱ्या यंत्रावर १,४४० किंवा २,८८० असे आकडे लिहिलेले असतात आणि स्कॅनही तेवढ्याच बिंदूंनी करावे लागते, असे पुष्कळांना वाटते. हे आकडे शाईच्या थेंबांचे आहेत. छपाईयंत्राजवळ मोजक्याच रंगांच्या शाया असतात, आणि त्यांचे अनेक सूक्ष्म थेंब जवळजवळ टाकून ते एका चित्रबिंदूची छटा साधते. थेंब वेगळे आणि चित्रबिंदू वेगळे. त्याचप्रमाणे संगणकातील फाइलवर '३००' हा आकडा नुसता लिहिल्याने चित्र सुधारत नाही. फाइलीत लांबीचे व रुंदीचे किती बिंदू आहेत, एवढेच खरे.

आता हिशेब सोपा झाला. चित्र किती पट मोठे करावयाचे आहे हे काढावे आणि त्याला ३०० ने गुणावे. ३५ मिमी. ची पूर्ण चौकट ४ × ६ इंचांच्या नेहमीच्या आकारात छापावयाची, तर ३६ मिमी. चे सुमारे १५२ मिमी., म्हणजे सव्वाचार पटींहून किंचित कमी वर्धन झाले. स्कॅन दर इंचास १,२७० बिंदूंनी केले की पुरे. ८ × १२ इंचांसाठी २,५४० लागतील. १२ × १८ इंचांसाठी ३,८१०. चित्राच्या सर्व चौकटीऐवजी तिचा एक भागच छापावयाचा असेल, तर त्या भागाची लांबी धरून हिशेब करावा लागतो, आणि नेमके हेच लोक विसरतात.

फिल्ममध्ये मुळात किती आहे

वरील हिशेबाप्रमाणे कितीही मोठे चित्र मागता येईल असे वाटेल. परंतु विहिरीत असेल तेवढेच पाणी पोहऱ्यात येते. फिल्मवर मुळात किती तपशील उतरला आहे, हा यातील खरा प्रश्न आहे.

फिल्मचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये विखुरलेल्या चांदीच्या हॅलाइड स्फटिकांचा असतो. कृष्णधवल फिल्म धुतल्यानंतर प्रकाश पडलेल्या ठिकाणी चांदीचे कण राहतात. रंगीत फिल्ममध्ये चांदी काढून टाकली जाते आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग राहतात. या कणांच्या किंवा ढगांच्या पुंजक्यांहून बारीक असा तपशील फिल्मवर टिकत नाही. फिल्मची क्षमता मोजताना एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या किती जोड्या वेगळ्या दिसतात, हे पाहतात. फुजीच्या व्हेल्व्हिया ५० या बारीक कणांच्या स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात काळ्या-पांढऱ्यातील फरक अतिशय तीव्र असताना १६० जोड्या, व फरक सौम्य असताना ८० जोड्या असे दोन आकडे दिलेले आहेत. साडीवरील नक्षी किंवा चेहऱ्यावरील सुरकुत्या यांतील फरक सौम्यच असतो. तेव्हा आपल्या कामाचा आकडा दुसरा होय.

त्यात कॅमेऱ्याच्या भिंगाचा वाटा वेगळा. एक ठोकळ नियम असा आहे की, भिंग व फिल्म यांच्या जोड्यांचे व्यस्त मिळविले की दोहोंच्या एकत्रित क्षमतेचा व्यस्त मिळतो. भिंग १०० जोड्यांचे आणि फिल्मही १०० जोड्यांची, तर दोघे मिळून ५०. हात थोडा हलला, केंद्रण थोडे चुकले, लग्नमंडपातील उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागले, की हा आकडा आणखी खाली येतो. चांगल्या कॅमेऱ्याने काळजीपूर्वक काढलेल्या चित्रात दर मिलिमीटरला ५० जोड्या मिळाल्या, तर समाधान मानावे.

एक जोडी पकडण्यास निदान दोन बिंदू लागतात. एक काळ्या रेषेसाठी व एक पांढऱ्या रेषेसाठी. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात मांडलेल्या आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली सिद्धतेसह पूर्ण केलेल्या नमुनन-सिद्धांताचा हा आपल्यापुरता अर्थ. त्यावरून ५० जोड्यांसाठी मिलिमीटरला १०० बिंदू, म्हणजे दर इंचास २,५४० बिंदू आवश्यक ठरतात. ही झाली किमान मर्यादा. व्यवहारात रेषा व बिंदू एकमेकांशी नेमके जुळत नाहीत, आणि स्कॅनरचे भिंगही थोडा तपशील पुसट करते. म्हणून काही अधिक ठेवणे शहाणपणाचे. शिवाय बिंदूंमधील अंतर आणि फिल्मच्या कणांचे पुंजके ही दोन्ही सारख्याच मापाची झाली, तर दोन जाळ्या एकमेकींवर धरल्याप्रमाणे खोटे पुंजके उमटतात आणि चित्र मुळाहून खरबरीत दिसते. या कारणांमुळे ३५ मिमी. च्या चांगल्या निगेटिव्हसाठी दर इंचास सुमारे ४,००० हा आकडा योग्य समजला जातो. त्यापलीकडे गेल्यास चेहऱ्यावर नवीन काही दिसत नाही. कण मात्र अधिक ठसठशीत दिसतात.

चित्रपटांच्या जतनाचे काम करणारेही याच आकड्याच्या आसपास आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) व 'अपूर संसार' (१९५९) या तीन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. त्यांतील वाचलेले भाग इटलीतील बोलोन्या येथे दुरुस्त करून, व जेथे ते वाचले नव्हते तेथे इतर प्रतींचा आधार घेऊन, २०१५ साली हे चित्रपट पुन्हा उभे राहिले. ते काम ज्या 'फोर-के' मापाने झाले, त्यात चौकटीच्या रुंदीत सुमारे ४,०९६ बिंदू असतात. चित्रपटाची पूर्ण चौकट सुमारे २५ मिमी. रुंद, म्हणजे दर इंचास ४,१०० हून काहीसे अधिक बिंदू झाले.

यंत्रावरील आकडा व यंत्राचे सामर्थ्य

स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला आकडा आणि त्याची प्रत्यक्ष क्षमता यांत पुष्कळ अंतर असू शकते. याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण फसगत होते ती येथेच.

काही आकडे तर मोजलेल्या बिंदूंचे नसतातच. यंत्र जेवढे बिंदू मोजते त्यांच्यामध्ये संगणक अंदाजाने आणखी बिंदू भरतो. या क्रियेला अंतर्वेशन म्हणतात. दोन शेजाऱ्यांची वये ठाऊक असली म्हणून त्यांच्या मधल्या घरातील माणसाचे वय सरासरीने सांगावे, तसाच हा प्रकार. संख्या मिळते, माहिती मिळत नाही. '४,८०० × ९,६००' अशी जोडी लिहिलेली असेल, तर त्यातील एक आकडा संवेदी घटकांचा व दुसरा मोटरच्या पावलांचा असतो. मोटरने लहान पावले टाकली म्हणून भिंगाची नजर तीक्ष्ण होत नाही.

कागद स्कॅन करण्याच्या सपाट काचेच्या यंत्रांत फिल्मसाठी वरून दिवा बसविलेला असतो. त्यांच्यावर ४,८०० किंवा ६,४०० असा आकडा असला, तरी प्रत्यक्ष मोजणीत त्यांपैकी अनेकांची क्षमता २,००० ते २,५०० च्या दरम्यान भरते. ही मोजणी करण्यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने १९५१ साली ठरविलेला एक नमुना आजही वापरला जातो. काचेवर तीन-तीन रेषांचे संच असतात आणि ते क्रमाक्रमाने बारीक होत जातात. ज्या संचातील तीन रेषा वेगळ्या मोजता येतात असा शेवटचा संच पाहावयाचा. तो पाचव्या गटातील चौथा असेल, तर यंत्राची क्षमता मिलिमीटरला सुमारे ४५ जोड्या, म्हणजे दर इंचास सुमारे २,३०० बिंदू आहे असे समजावे, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

असा नमुना जवळ नसला, तरी अडत नाही. आपल्याच निगेटिव्हमधील सर्वांत स्पष्ट चौकट निवडावी. ती एकदा २,००० ने व एकदा ४,००० ने स्कॅन करावी. पहिले चित्र संगणकावर दुप्पट मोठे करून दोन्ही शेजारी ठेवावीत, आणि साडीच्या काठाचे विणकाम, दुकानाच्या पाटीवरील अक्षरे किंवा चष्म्याची काडी निरखावी. दुसऱ्यात नवीन काही दिसले, तर मोठा आकडा सार्थ झाला. दिसले नाही, तर एक तर त्या चित्रातच अधिक काही नाही, किंवा त्या यंत्राला ते दिसत नाही. दुसऱ्या यंत्रावर करून पाहिल्यास यांपैकी कोणते खरे ते कळते. पट्टी वाकलेली असेल, तर ती केंद्रणाबाहेर जाते आणि उत्तम यंत्रही मंद दिसू लागते, हेही ध्यानात ठेवावे.

स्कॅनरचा मधला एखादा आकडा, उदाहरणार्थ २,५४०, हिशेबात आला म्हणून तोच ठेवण्याचा आग्रह नसावा. यंत्राची जी प्रत्यक्ष मोजण्याची क्षमता असेल ती, किंवा तिचा निम्मा भाग निवडावा आणि आकार कमी करण्याचे काम नंतर करावे. केवळ फिल्मसाठी बनविलेले स्कॅनर आता थोड्याच कंपन्या बनवितात. त्यांच्याऐवजी पुष्कळ जण जवळून चित्र घेणाऱ्या भिंगाने डिजिटल कॅमेऱ्यातच निगेटिव्हचे चित्र घेतात. ३६ मिमी. च्या चौकटीने ६,००० बिंदूंची रुंदी पूर्ण भरली, तर ते दर इंचास सुमारे ४,२३० होतात. मात्र कॅमेरा व फिल्म एकमेकांना काटेकोरपणे समांतर असली पाहिजेत.

आजीचे चित्र

आता त्या समूहचित्राकडे वळू. ८ मिमी. रुंदीचे ८ इंच करावयाचे, म्हणजे वर्धन २५.४ पट. त्याला ३०० ने गुणले असता ७,६२० येतात. एवढी क्षमता नेहमीच्या कोणत्याही दुकानातील यंत्राला नाही. आणि असती तरी फिल्मवर तेवढे उतरलेले नाही, कारण ७,६२० म्हणजे मिलिमीटरला १५० जोड्या झाल्या, आणि आपल्याजवळ फार तर ५० आहेत.

म्हणून निराश होण्याचे कारण नाही. ४,००० ने स्कॅन केल्यास त्या तुकड्याचे १,२६० × १,५७५ बिंदू मिळतात. ३०० च्या मापाने हे चित्र ४ × ५ इंचांचे होईल आणि हातात घेऊन पाहिले, तर बिंदू कोठेही जाणवणार नाहीत. मग ८ × १० चे काय? त्या आकारात दर इंचास सुमारे १५७ बिंदू पडतील, आणि सुमारे ५५ सेंमी. अंतरावरून ते एकमेकांत मिसळून जातील. फिल्मची स्वतःची अस्पष्टता मात्र त्याहून पुढे जाणवते. तिच्या ५० जोड्या २५.४ पट मोठ्या झाल्या, की कागदावर मिलिमीटरला दोनच जोड्या उरतात. त्या डोळ्याला वेगळ्या दिसेनाशा होण्यास सुमारे ८५ सेंमी. अंतर लागते. तीन फुटांवरून पाहणाऱ्याला आजी स्पष्ट दिसेल; अगदी जवळ जाऊन पाहणाऱ्याला चित्र मऊ वाटेल. भिंतीवर, नजरेच्या किंचित वर लावलेले व खाली मेज असलेले चित्र कोणी सहसा तीन फुटांच्या आत जाऊन पाहत नाही. तेव्हा दुकानदाराला सांगावयाचे ते इतकेच : निगेटिव्ह फिल्म-स्कॅनरवर ४,००० ने, पूर्ण चौकटीसह स्कॅन करावी, भाग नंतर कापावा, आणि संगणकाकडून चेहरा 'सुधारून' घेऊ नये. अलीकडील काही कार्यक्रम अस्पष्ट चेहऱ्यावर तपशील निर्माण करून बसवितात. त्या पापण्या व त्या सुरकुत्या दुसऱ्याच कोणा अनेक माणसांच्या असतात, आजीच्या नव्हेत.

मोठ्या निगेटिव्ह व काचपट्ट्या

निगेटिव्ह जितकी मोठी, तितका आकडा लहान पुरतो. भारतात पुष्कळ घरांतून अ‍ॅग्फाचा क्लिक-३ हा कॅमेरा होता. त्यात १२० क्रमांकाची रोल फिल्म घालीत आणि चौरस, प्रत्यक्षात ५६ मिमी. बाजूची बारा चित्रे निघत. १९६० साली स्थापन झालेल्या व आता बंद पडलेल्या उदगमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या कारखान्याची 'इंदू' फिल्मही अशा डब्यांतून सापडते. ही निगेटिव्ह १,२०० ने वाचली तरी बाजूला २,६४६ बिंदू मिळतात आणि पावणेनऊ इंचांचे चित्र सहज छापता येते. कॅमेऱ्याचे भिंग साधे होते. त्याने मिलिमीटरला २० जोड्या टिपल्या असे धरले, तर १,०१६ हीच किमान गरज. म्हणून २,००० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. सपाट काचेचे साधे यंत्र या कामास पूर्ण समर्थ असते.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काचपट्ट्या नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संग्रहात आहेत. त्या काळातील ८ × १० इंचांची एखादी काचपट्टी घेतली, तर मूळ आकारात छापण्यास ३०० बिंदूच लागतात. १,२०० ने वाचल्यास चौपट मोठे, ३२ × ४० इंचांचे चित्र होते. त्यात सुमारे साडेअकरा कोटी बिंदू असतील. आकडा लहान दिसला, तरी माहिती ३५ मिमी. च्या चौकटीच्या कितीतरी पट अधिक आहे.

पुन्हा न मिळणारी संधी

छपाईपुरताच विचार केला, तर लहान आकडा पुरतो तेथे मोठा ठेवू नये, असा निष्कर्ष निघेल. पण निगेटिव्ह चिरकाल टिकत नाही. रोल फिल्मचा पाया बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्ण व दमट हवेत त्याचे विघटन होऊन अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ही क्रिया सुरू झाली असे समजावे. सुटलेले आम्ल त्याच क्रियेला वेग देते आणि डब्यातील शेजारच्या पट्ट्यांनाही बाधते. फिल्म आक्रसते, तिचा थर सुरकुततो. जिलेटिनवर बुरशी वाढते, आणि रंगीत फिल्मचे रंग अंधारातही फिकट होत जातात. कोलकाता, कोची किंवा मुंबई येथील पावसाळ्यात हे सर्व झपाट्याने घडते.

प्रस्तुत लेखकाने पूर्वी, साठवणीची जागा महाग असताना, घरातील शंभराहून अधिक निगेटिव्ह ६०० बिंदूंनी स्कॅन केल्या होत्या. पडद्यावर पाहण्यास त्या पुरेशा वाटल्या. काही वर्षांनी त्यांपैकी एकीचे मोठे चित्र हवे झाले, तेव्हा पट्टी सपाट होईना. आज त्या चित्राचा दोन इंचांचा ठसाच काय तो निघू शकतो. यास्तव ज्या थोड्या निगेटिव्ह घराच्या दृष्टीने अमोल आहेत, त्या आज लहान आकारात छापावयाच्या असल्या, तरी यंत्राच्या पूर्ण खऱ्या क्षमतेने वाचून ठेवाव्यात. उरलेल्या शेकडो चौकटी २,००० ने वाचल्या तरी चालेल. सर्वच पूर्ण क्षमतेने वाचू म्हणणाऱ्याचे काम बहुधा तिसऱ्या रोलवर थांबते.

छटांच्या मापनासंबंधी थोडक्यात सांगावयाचे तर, ८-बिट मापनात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात व १६-बिट मापनात ६५,५३६. निगेटिव्हमधील छटा दबलेल्या असतात आणि उलटे चित्र करताना त्या ताणाव्या लागतात. पायऱ्या थोड्या असल्या, तर आकाशात किंवा भिंतीवर पट्टे दिसू लागतात. म्हणून स्कॅन १६-बिट ठेवावे व मूळ फाइल टिफ स्वरूपात जपावी. छापण्यासाठी दिलेली प्रत जेपेग असली तरी हरकत नाही. धूळ व ओरखडे अवरक्त किरणांनी ओळखून पुसणारी सोय रंगीत फिल्मला उपयुक्त आहे, कारण तिच्यातील रंग त्या किरणांना पारदर्शक असतात. जुन्या पद्धतीच्या कृष्णधवल फिल्ममधील चांदी ते किरण अडविते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते; तेथे ती सोय बंद ठेवावी व धूळ आधीच हवेच्या फुंकणीने आणि मऊ कुंचल्याने काढावी. निगेटिव्ह पाण्याने किंवा फडक्याने पुसू नये.

स्कॅन झाल्यावर पट्ट्या कागदी पाकिटांत घालून कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. आंबट वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. पाकिटावर शक्य तर पेन्सिलीने चित्राचा विषय, वर्ष, कोणत्या यंत्रावर व किती बिंदूंनी वाचले, आणि फाइल कोठे ठेवली आहे, याची नोंद करावी.